बाजू संपेपर्यंत

"आधी हात धू," केकी म्हणाला. "मग टॉवेलला हात लाव."

रविवारची सकाळ होती. केकी दुबाश माझ्या दारात उभा होता आणि न्हाऊ घातलेलं पोर धरावं तशी टॉवेलात गुंडाळलेली रेकॉर्ड त्याने छातीशी धरली होती. मागे गायधनी सर वाकून चपलांचे पट्टे सोडत होते. त्यांच्या काखेत नेहमीची निळी वही होती.

"धुतलेत," मी म्हणालो. "दोनदा."

"तुझे हात ग्रीसचे. तिसऱ्यांदा धू."

मी धुतले. अकरा वर्षं आम्ही तिघे दर रविवारी जॅझच्या रेकॉर्डी ऐकायला जमत होतो, पण नेहमी देवळालीला, केकीच्या बंगल्यात. नाशिक रोडला माझ्या क्वार्टरमध्ये ते पहिल्यांदाच येत होते. मी सरकारी छापखान्यात मशीन फिटर होतो. केकी दातांचा डॉक्टर, आता दवाखाना बंद केलेला. गायधनी सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि लहानपणापासून तबला वाजवायचे. या दोघांच्या पंगतीला मी कसा गेलो ते थोडक्यात सांगतो. केकीच्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर अडकायची म्हणून कोणीतरी मला त्याच्याकडे पाठवलं. मोटर दुरुस्त झाली का ते बघायला त्याने एक रेकॉर्ड लावली. मी पान्हा हातात धरून ती पूर्ण ऐकली आणि म्हणालो, "उजव्या हाताचं जुळतंय, डावा हात मागं पडतोय. मुद्दाम पाडतोय का?" केकीने मला खुर्ची दिली. त्या दिवसापासून मी तिथला झालो.

मला कव्हरवरचं इंग्रजी धड वाचता यायचं नाही. म्हणून मी वाजवणाऱ्यांना माझी नावं ठेवली. डावा हात मागे पाडणारा पियानोवाला तो लंगडा. ज्याच्या फुंकेआधी श्वास ऐकू यायचा तो सॅक्सोफोनवाला दमेकरी. एका ड्रमवाल्याचा ठोका कधी इकडचा तिकडे व्हायचा नाही, तो मुनीम. केकीला आधी राग आला. "साला, तो राजा आहे, त्याला लंगडा बोलतो?" सहा महिन्यांनी तोच म्हणायला लागला, "आज लंगडा ऐकू या."

आमचे दोन नियम होते. पहिला केकीचा. रेकॉर्ड लागली की बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, कोणी उठायचं नाही. शिंक आली तर नाक दाबायचं. दुसरा नियम माझा. सुई मधेच टाकायची नाही. परत ऐकायचं असेल तर बाजू पहिल्यापासून लावायची. मधे टाकलेली सुई खाच उकरते आणि उकरलेली खाच परत भरत नाही. मी यंत्राचा माणूस, हे मला सहन व्हायचं नाही. नियम मोडला तर शिक्षा अशी की पुढचे तीन रविवार त्याने मत द्यायचं नाही. वादात हरणाऱ्यालाही हीच शिक्षा. मत नाही द्यायचं म्हणजे आमच्यात तरी जेवण बंद केल्यासारखं होतं. सर एकदा तीन रविवार गप्प बसले आणि चौथ्या रविवारी दमेकऱ्यावर सलग पाऊण तास बोलले.

त्या दिवशीचा वाद असा होता. लंगड्याची एक रेकॉर्ड माझ्याकडे होती. देवळालीत एका लष्करी साहेबाचं सामान भंगारात निघालं होतं, त्यात मला ती मिळाली. कव्हर नव्हतं, मी खाकी कागदाचं शिवलं होतं. ती रेकॉर्ड एका क्लबात लोकांसमोर वाजवताना घेतलेली होती. पियानो, ड्रम आणि बास, म्हणजे माणसाएवढं उंच, उभं धरून बोटांनी छेडायचं ते वाद्य. पहिल्या बाजूला आठव्या मिनिटाच्या सुमारास बाकीचे दोघे थांबतात आणि बासवाला एकटा वाजवतो. तिथे मागे कुठेतरी एक काचेचा पेला पडून फुटतो. अगदी बारीक आवाज आहे. मी हे केकीला सांगितलं तर तो म्हणाला, असं काही नाही. त्याच्याकडे तीच रेकॉर्ड होती, पुतण्याने परदेशातून पाठवलेली, नवीन छापलेली. तिच्यात पेला नव्हता.

"तुझ्यातला आवाज तुझ्या मशीनचा," केकी म्हणाला होता. "भंगारातून बनवलेलं मशीन. ते स्वतःच खोकतं."

"तुमच्यातला त्यांनी पुसलाय," मी म्हणालो होतो. "नवीन छापताना पुसला असणार."

त्याचा निकाल लावायचा म्हणजे दोन्ही रेकॉर्डी माझ्याच मशीनवर लावायला हव्या होत्या. म्हणून ते आले होते.

हौसा पाणी घेऊन आली. माझी बायको. केकी उठून उभा राहिला. बायकांपुढे तो नेहमी उठायचा.

"हौसाबाई, तुम्ही कुणाच्या बाजूने?"

"ज्याची लवकर संपंल त्याच्या," ती म्हणाली. "वडे तळायचे थांबलेत."

सर मोठ्याने हसले. "वहिनी, आम्हाला अकरा वर्षांत असं रोखठोक मत कोणी दिलं नाही."

"पण तू तो पेला पकडला कसा?" केकी मला म्हणाला. "मी मान्य करीत नाही, पण समज असेल तर. एवढं बारीक. सरांनी नाही पकडलं, मी नाही पकडलं."

"कान," मी म्हणालो. "छापखान्यात तीस मशीनं चालू असताना कोणतं बेअरिंग खराब होत चाललंय ते मी दारातून सांगतो."

हौसाने माझ्याकडे बघितलं. रिकामे पेले गोळा केले आणि आत गेली.

पेला तिने पकडला होता. चार-पाच महिन्यांपूर्वी मी एकटा ती रेकॉर्ड ऐकत होतो आणि ती दारात लसूण सोलत उभी होती. मधेच म्हणाली, "अहो, पेला फुटला." मी हाताने गप्प बस म्हणून खूण केली. बाजू संपल्यावर विचारलं, काय म्हणत होतीस. ती म्हणाली, "कोण्या बाईच्या हातून पेला पडला. मग कोणतरी उठलं. खुर्ची सरकली." मी बाजू पुन्हा लावली. पेला मला ऐकू आला. खुर्ची नाही आली. "खुर्ची काही नाही," मी म्हणालो. "असंल माझ्या कानाचं," ती म्हणाली आणि लसूण घेऊन आत गेली. देवळालीला जाऊन मी सांगितलं की मी पेला पकडलाय.

त्या दिवशी पहाटे ती लवकर उठून पलंगावर नुसती बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "छातीत भरल्यासारखं होतंय. रात्रीचं पिठलं बाधलं." थोड्या वेळाने म्हणाली, "पुढच्या रविवारी बोलवा की त्यांना."

"अकरा वर्षांत पहिल्यांदा येताहेत," मी म्हणालो.

"बरं."

मी कोपऱ्यावरून तिला सोडा आणून दिला. ती प्याली, ढेकर आला, म्हणाली आता बरं आहे. शेजारच्या पाटलीणबाईंकडून कपबशा मागून आणल्या. बटाटे उकडले. मी हे सगळं बघत होतो, पण माझं लक्ष मशीनकडे होतं. खोलीत दोनच स्पीकर होते, खोकी मीच बनवलेली. एक खिडकीजवळ, एक स्वयंपाकघराच्या दारालगत, कारण तिसरी जागाच नव्हती. तेलाचा आवाज आला असता म्हणून मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. दार लोटायच्या आधी आत डोकावलो. ती ओट्याला टेकून उभी होती. पदराने कपाळ पुसत होती.

"बाजू संपेपर्यंत थांब," मी म्हणालो. "मग वडे सोड."

"थांबते."

"आधी पाहुण्याची," मी बाहेर येऊन म्हणालो. केकीने टॉवेल उलगडला. रेकॉर्ड कडांवर धरून मला दिली, तरीसुद्धा एक बोट शेवटपर्यंत सोडलं नाही.

"सर, वेळ घ्या," केकी म्हणाला.

सरांनी घड्याळ बघून वहीत लिहिलं. अकरा दहा. मी सुई ठेवली.

लंगडा त्या दिवशी चांगला वाजला. केकीच्या नव्या रेकॉर्डीत खरखर अजिबात नव्हती. माझ्या मशीनवर इतकं स्वच्छ मी कधी ऐकलं नव्हतं आणि मनात म्हणालो, केकी जिंकला तरी हे मशीन आता कोणी भंगार म्हणणार नाही. केकीने डोळे मिटले होते. सर मांडीवर बोटाने मात्रा मोजत होते. पियानो थांबला, ड्रम थांबला. बासवाला एकटा सुरू झाला. आम्ही तिघे पुढे वाकलो.

तेव्हा तो आवाज आला. धातूचा एक फटका, मग गरगर, मग तीच गरगर लहान होत होत बारीक थरथरून संपली. दारालगतच्या खोक्याच्या बाजूने आला.

केकीचे डोळे उघडले. त्याने एक बोट वर केलं आणि माझ्याकडे बघून हसला. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मान हलवली, नाही, हा तो नाही. पण बोललो नाही. कोणीच बोललं नाही. बासवाला वाजवत राहिला, मग लंगडा परत आला, मग मुनीम आला, मग लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसरी चीज सुरू झाली. ती संपेपर्यंत आम्ही तसेच बसलो. अकरा मिनिटं. सुई आपोआप उचलली जायची सोय मी मशीनला केली होती. ती उचलली गेली.

"निघाला!" केकी म्हणाला. "माझ्यात पण पेला निघाला. पुसलाय म्हणत होतास, आता बोल."

"पेला नाही हा," मी म्हणालो. "पेला काचेचा आहे. हा धातू आहे."

"धातूचा पेला असेल."

"धातूचा पेला फुटत नाही, डॉक्टर," सर म्हणाले. "झांज आहे ही. मुनीमाची कोपर लागली असणार स्टँडला."

"मुनीम? मुनीमाची कोपर?" केकी खवळला. "सर, तुमचं डोकं फिरलं. मुनीम झोपेत पण कोपर मारत नाही."

"मी मोजत होतो. आवाज समेवर नाही, कुठेच बसत नाही. म्हणजे तो वाजवलेला नाही, पडलेला आहे."

"मग वेटरचा ट्रे."

"ट्रे असा गरगरत नाही. गोल वस्तू आहे."

"पण तुमच्या रेकॉर्डीत हे आधी होतं का?" मी केकीला विचारलं. "शंभर वेळा ऐकली असेल तुम्ही."

केकी थांबला. "माझ्या मशीनवर नाही आलं कधी," तो म्हणाला. "तुझ्या मशीनवर आलं." त्याने माझ्या मशीनकडे बघितलं आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडावर आदर दिसला. "साला, हे जास्त ऐकतं."

मला किती आनंद झाला ते मी लपवणार नाही. माझ्या घरात, माझ्या सतरंजीवर, डॉक्टर आणि प्रोफेसर भांडत होते आणि दोघेही मधूनमधून माझ्याकडे बघत होते, निकाल मी देणार असल्यासारखे. मला ते संपायला नको होतं.

"परत लावू," मी म्हणालो. मग दाराकडे तोंड करून हाक मारली. "हौसा, तेल खाली उतरव. अजून एकदा लावतोय."

उत्तर आलं नाही. रागावली असेल, असं मला वाटलं. रागावली की ती अशीच गप्प राहायची.

"बासपासून लाव," केकी म्हणाला. "सगळं कशाला? सात मिनिटं फुकट."

"सुई मधे टाकायची नाही."

"रेकॉर्ड माझी आहे. मी बोलतो, टाक."

"रेकॉर्ड तुमची आहे. मशीन माझं आहे. पहिल्यापासून लागेल."

सर हसले. "डॉक्टर, नियम म्हणजे नियम. तीन रविवार गप्प बसायचंय का?"

केकीने हात वर केले. सरांनी वेळ लिहिली. अकरा छत्तीस. मी सुई पहिल्या खाचेत ठेवली.

लंगडा परत वाजला. यावेळी कोणाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. सर घड्याळाकडे बघत होते. केकी खोक्याजवळ सरकून बसला होता, कान दाराकडे. पियानो थांबला. ड्रम थांबला. बासवाला एकटा सुरू झाला. तो वाजवत गेला. आवाज जिथे यायला हवा होता ती जागा आली आणि गेली. बासवाल्याने शेवटची तार छेडली, लंगडा परत आला.

आवाज आला नाही.

केकीने सरांकडे बघितलं. सरांनी वहीकडे बघितलं. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी उठलो. अकरा वर्षांत रेकॉर्ड चालू असताना उठलेला मी पहिला माणूस.

मी दार ढकललं. ते पूर्ण उघडेना. मागे काहीतरी अडत होतं. मी जोर लावला तेव्हा फरशीवर धातू घासल्याचा आवाज आला, एक फटका आणि थोडी गरगर.

"हाच," सर माझ्या मागे हळूच म्हणाले.

दारामागे ताट होतं. स्टीलचं, आमच्या लग्नातलं, मोठं. ते नेहमी मांडणीवर उभं असायचं. हौसा ओट्याखाली होती, भिंतीला पाठ, पाय पुढे. डोकं एका खांद्यावर. गॅस बंद होता. वडे थापून ठेवलेले होते, वर ओलं फडकं. बाहेर लंगडा वाजत होता.

केकीने तिची नाडी बघितली. मग मान, मग डोळे. दातांचा का होईना, डॉक्टर होता तो. "उचल," एवढंच म्हणाला. "गाडी काढतो." आम्ही दोघांनी तिला उचललं. सरांनी दार धरलं. खोलीतून जाताना रेकॉर्ड चालूच होती. बाजू संपल्यावर सुई आपोआप वर उचलली गेली असणार.

इस्पितळात एक तरुण डॉक्टर होता. त्याने पाच मिनिटांत पडदा सारला आणि बाहेर आला. त्याने विचारलं, "कधी पडल्या?"

मी तोंड उघडलं. सरांच्या हातात वही होती. तिच्यात सगळं लिहिलेलं होतं.

"आत्ताच," केकी म्हणाला. "आवाज आला, आम्ही लगेच आत गेलो. पाच मिनिटं."

मी सरांकडे बघितलं. सरांनी वही शर्टाच्या आत घातली आणि खाली बघितलं.

"मग तुमच्या हातात काही नव्हतं," तो डॉक्टर मला म्हणाला. चांगला मुलगा होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इतक्या लवकर आणलंत. मोठा झटका होता. काही करता आलं नसतं."

माझी मुलगी संध्याकाळी संगमनेरहून आली. तिने रडता रडता मला हेच विचारलं आणि मी तिला हेच सांगितलं. पाच मिनिटं. नंतर जो आला त्याला मी हेच सांगितलं. पाटलीणबाईंना सांगितलं, छापखान्यातल्या लोकांना सांगितलं. लोक म्हणायचे, भाग्यवान, हातपाय चालत असताना गेली, नवऱ्याच्या समोर गेली. मी मान हलवायचो.

केकी दहाव्याला आला. बाकावर माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, "मी खोटं बोललो ते तुझ्यासाठी नाही बोललो, कर्डिले. माझ्यासाठी बोललो."

"माहीत आहे."

"मला नाडी नाही लागली. पण अंग गरम होतं. किती वेळ झाला ते मला नाही माहीत. खरंच नाही माहीत. आधी गेलो असतो तर काय झालं असतं, ते पण नाही माहीत."

"तुमची रेकॉर्ड मशीनवरच आहे," मी म्हणालो.

"राहू दे."

तो परत आला नाही आणि मी देवळालीला गेलो नाही. चार वर्षांनी तो गेला, मला पेपरात कळलं. सर मात्र एकदा आले. चहा घेतला, कॉलेजचं काहीबाही बोलले. जाताना बशीखाली एक घडी केलेला कागद ठेवून गेले. वहीचं पान होतं. त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं. पहिली बाजू, सुरुवात ११.१०. आवाज, ११.१८. समाप्ती ११.२९. चर्चा. सुरुवात ११.३६. बास समाप्त ११.४५, आवाज नाही.

सत्तावीस मिनिटं होतात. हे मला हिशेब करून बघावं लागलं नाही.

ताटाबद्दल मी अजून कोणाशीच बोललेलो नाही. मांडणी ओट्याच्या बाजूला होती. दार समोर, सात-आठ पावलांवर. हात लागून पडलं असतं तर ताट मांडणीखाली पडलं असतं. ते दाराला लागून पडलं होतं. दाराच्या लाकडावर, खालून वीतभर उंचीवर, एक नवीन खोक होती. तिला हाक मारता आली नसेल, आवाज निघाला नसेल. किंवा निघत असेलही. रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही हे तिला माहीत होतं. मी तिला थांब म्हणालो होतो आणि ती थांबते म्हणाली होती. यातलं कोणतं खरं, ते मी सोळा वर्षं स्वतःशी भांडतो आहे. या वादात दुसरा माणूस नाही.

तीस मशीनं चालू असताना मी बेअरिंग ओळखायचो. ते ताट माझ्या घरात सव्वीस वर्षं वाजत होतं.

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. मशीन आणि रेकॉर्डी पेटीत घालून मी जेल रोडला एका खोलीत राहायला आलो. पेटी उघडली नव्हती. गेल्या महिन्यात मुलगी आली होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही काहीच करत नाही. नुसते बसता. तुमची गाणी तरी ऐका. आईला पण आवडायची."

"तिला नव्हती आवडत," मी म्हणालो.

"आवडायची. तुम्ही कामावर गेल्यावर लावायची ती. सुई कशी ठेवायची ते तिने मला शिकवलंय. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, ओरडाल म्हणून."

मुलगी गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेटी उघडली. मशीनचा पट्टा वाळून तुटला होता, नवीन घातला. केकीची रेकॉर्ड बाजूला ठेवली. माझी काढली, खाकी कव्हरमधली. त्या रविवारी तिची पाळी आलीच नव्हती. केकीने तो पेला कधी ऐकला नाही.

मी सुई पहिल्या खाचेत ठेवली. लंगडा वाजला. खरखर खूप होती. सात मिनिटं गेली. पियानो थांबला, ड्रम थांबला. बासवाला एकटा सुरू झाला. आणि पेला पडला. बारीक, मागे कुठेतरी, होता तसाच.

मग खुर्ची सरकली.

लाकडी जमिनीवर खुर्ची मागे ढकलल्याचा आवाज. त्यानंतर पावलं, तीन की चार, भरभर, लांब जाणारी. बासवाला वाजवत होता. सगळा क्लब गप्प बसून ऐकत होता आणि त्यातला एक माणूस उठला होता.

मी बाजू संपेपर्यंत ऐकलं. खुर्चीचा आवाज परत आला नाही. तो माणूस परत येऊन बसला नाही.